पालथा ईयोब

भोर, ता. ६ मे १९३६

चि. सौदामिनीस आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पावलं. दवाखान्यातलं शिक्षण सोसतंय ना, आणि अंगी अन्न लागतंय ना, तेवढं कळव. इकडची हकीकत म्हणजे आपल्या घरी सध्या ईयोब मुक्कामाला आला आहे.

रविवारी तुझ्या बाबांनी देवळात बायबलातल्या ईयोबावर उपदेश केला. गुरंढोरं गेली, लेकरं गेली, अंगभर गळवं उठली, तरी त्यानं देवाला बोल लावला नाही, हे इतक्या आवेशानं सांगितलं की पुढं बसलेली सखूबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. आपल्यावर अशी वेळ आली तर आपण काय करू, याचा ज्यानं त्यानं विचार करावा, असं म्हणून त्यांनी आमेन केलं. देवानं ते बहुधा मनावर घेतलं. सोमवारी वळवाचं वादळ आलं आणि स्वयंपाकघरावरची कौलं उडून पोस्टमास्तरांच्या परसात पडली. मंगळवारी बिबट्यानं आपली पांढरी शेळी नेली. आणि आज सकाळी हे खुर्चीत बसले ते ओरडतच उठले. बसायच्या जागी गळू आलं आहे. तू नर्स होणार म्हणून जागा लिहिली, एरवी लिहिली नसती.

तेव्हापासून पालथे पडून आहेत. देवाला अजून बोल लावलेला नाही. मला, कौलं शाकारणाऱ्या गड्याला आणि बिबट्याला मात्र भरपूर लावून झाला. मी म्हटलं, ईयोबाच्या बायकोला सगळ्या गोष्टीत एकच वाक्य आहे, माझं तेवढ्यावर भागायचं नाही. त्यावर हसले. हसल्यावर दुखलं, म्हणून पुन्हा माझ्यावरच चिडले.

पोटीस बांधते आहे. दोन दिवसांत फुटेल असं वाटतं. आईवर माया आहे तशी ठेव.

तुझी आई,
चंद्राबाई


पुणे, ता. ९ मे १९३६

ती. आईस सौदामिनीचा मनापासून सलाम. वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले. मग आमच्या सिस्टरबाईंना सहज विचारलं, आणि हसू पळालं. आई, नीट बघून लिही. गळवाला एकच तोंड आहे, की चाळणीसारखी पुष्कळ? भोवती लाकडासारखं कडक लागतं का? ताप भरतो का? तसं असेल तर ते गळू नव्हे, काळपुळी. ती पोटिसानं जात नाही, कापावी लागते. विष रक्तात गेलं तर माणूस हाती लागत नाही. बाबांना इकडे आण. आढेवेढे घेतील, पण आण.

दुसरी गोष्ट बाबांना वाचून दाखवू नकोस. ईयोबाची गोष्ट मी परवा शेवटपर्यंत वाचली. ज्या मित्रांनी त्याला टोचून टोचून बेजार केलं, त्यांच्यासाठी तो प्रार्थना करतो तेव्हा कुठं देव त्याचे दिवस पालटतो. उंट, बैल सगळं मागाहून. बाबा दरवर्षी हा उपदेश करतात आणि दरवर्षी गळवांपाशीच आमेन म्हणतात. पुढचा अध्याय मंडळींनी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. का, ते तुला ठाऊक आहे आणि मलाही.

आजी वारली तेव्हा मी लहान होते, पण बाबा वेल्ह्याकडच्या गावाहून परत आले तो चेहरा मला आठवतो. ख्रिस्ती झालेल्या लेकानं तिरडीला हात लावला तर आम्ही खांदा देणार नाही, असं भाऊकीनं म्हटलं आणि कुंडलिक काकांनी सख्ख्या भावाला निरोपच धाडला नाही. बाजारात कुणाच्या तरी तोंडून कळलं. बाबा पोचले तेव्हा राख नदीत सोडून झाली होती. वेशीवरूनच परतले, आणि काकांचं नाव घरातून गेलं. काकांनी बरं केलं असं मी म्हणत नाही. पण मी त्यांना पत्र टाकलं आहे की तुमचा भाऊ फार आजारी आहे. यावरून बाबा भडकतील. मी पुण्यात आहे, तू भोरात आहेस, म्हणून तुझी आधीच क्षमा मागते.

तुझी वात्रट पण लाडकी लेक,
सौदामिनी


भोर, ता. १५ मे १९३६

चि. सौदामिनीस आशीर्वाद. वि. वि.

घाईत लिहिते आहे. तोंडं पुष्कळ आहेत, ताप आहे, आणि तू म्हणतेस तसं लाकडासारखंच लागतं. आता मला हसू येत नाही, पण झालं ते तुला सांगते.

ईयोबाचे तिघे मित्र येऊन गेले. पोस्टमास्तर म्हणाले की कौलं दुसऱ्या कुणाच्या परसात न पडता नेमकी आपल्याच परसात पडली, तेव्हा यात काहीतरी संकेत असलाच पाहिजे. वैद्यबुवांनी सगळा दोष वांग्यांवर ठेवला. आपले उपदेशक मात्र गंभीर होऊन ह्यांना म्हणाले, मास्तर, मनात एखादं पाप लपलंय का ते धुंडाळा. त्यावर उशीतून उत्तर आलं, की धुंडाळतो, पण तुम्ही माझ्या धोतरावर बसला आहात, आधी उठा.

मी मोटारवाल्याकडे गेले होते. बसून येणार असतील तर नेतो, निजवून नेणार नाही, म्हणाला. बसता आलं असतं तर न्यायचं कशाला होतं?

आज दुपारी दारात बैलगाडी उभी राहिली. कुंडलिक भाऊजी! दाढीचे खुंट पांढरे झालेत, पण उभं राहणं तेच. उंबऱ्याच्या आत आले नाहीत, पाणीही घेतलं नाही. अंगणातूनच ह्यांचं नाव घेऊन विचारलं, रखमा हाय का? ह्यांनी आतून मला सांगितलं की घरी नाहीत म्हणून सांग. हे इतक्या मोठ्यानं, की रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. भाऊजी मला म्हणाले, बाई, त्याला सांगा, गाडीत पेंढा अंथरून आणलाय. पालथंच निजायचंय, तवा माझं तोंड बघावं लागायचं न्हाई.

मग ह्यांनी विचारलं, बैल कोणते जुंपलेत? मी तेच होकार समजले.

उद्या उजाडता गाडी निघेल. मी मोटारीनं पुढं येते. खाट मिळवून ठेव, आणि प्रार्थना कर. दोघेच आहेत वाटेत.

तुझी आई


मु. वेल्ह्याजवळ, ता. २७ मे १९३६

श्री

चि. सौदामिनी हिला थोरल्या काकाचा आशिर्वाद. इनंती इशेष. म्या चार बुकं शिकलोय, मास्तर तुझा बाप झाला, तवा अक्षराला हसू नगं.

तुझं पत्र आलं. रखमा उठून दोन पावलं चालला ह्ये वाचून तुझ्या काकीनं, ठकुबाईनं, गावातल्या देवाला नारळ फोडला. त्याला सांगू नगं, न्हाईतर जखम पुन्हा उघडायची.

गाडीतली हकीकत तुझा बाप कशी सांगंल म्हाईत न्हाई, म्हणून खरी ती म्या लिवतो. कापूरव्हळ येस्तवर त्यो बोलला न्हाई, म्या बी न्हाई. खड्डा आला की म्या बैलाला म्हणायचो, सर्ज्या, दमानं घे, मागं मास्तर हाय. तर मागनं कण्हत म्हणाला, बैलाला सांग, मास्तर अजून मेला न्हाई. असं बैलाच्या वशिल्यानं आमचं बोलणं सुरू झालं.

शिवऱ्याच्या अलीकडं म्हणाला, गाडी थांबीव. अंग तव्यावानी तापल्यालं. म्हटलं, ह्यो आता हातचा जातो. म्या खाली उडी टाकली, तर म्हणतो कसा, मला परार्थना करायचीय, तुझ्यासाठी. मला लई राग आला. म्हटलं, आजाऱ्याला वाहून नेतोय आन मला बाटवतोस व्हय? तर म्हणाला, गप उभा ऱ्हा, निस्तं नाव घ्यायचंय, डोक्यावर पाणी न्हाई वतत.

मग पालथा पडूनच बोलला. माझ्या गुडघ्याचं बोलला, ठकुबाईचं बोलला, भाताच्या रोपाचं बोलला. मला वाटलं झालं. तर म्हणाला, देवा, ह्यानं मला आईचं तोंड बघू दिलं न्हाई. त्यो धोंडा माझ्या उरावर हाय आन मला त्यो उचलत न्हाई. तू उचल. ह्याचं भलं कर.

पोरी, काईतरी बोलायचं म्हणून म्हटलं, सर्ज्याच्या डाव्या खुराचं बी सांग, लंगडतोय. त्यानं त्ये बी सांगितलं. मग कात्रजचा घाट चढस्तवर म्या जू धरून रडत चाललो. त्यो पालथा व्हता म्हणून त्याला दिसलं न्हाई.

तुमच्या दवाखान्यात म्या पाणी प्यालो न्हाई, त्याचा राग धरू नगंस. मला गावात ऱ्हायाचं हाय. तू हातात पेला घिऊन उभी व्हतीस, त्ये डोळ्यापुढनं हलत न्हाई.

जास्त काय लिवू. काकाची आठवण सोडू नगं.

कुंडलिक


भोर, ता. २८ जून १९३६

तीर्थरूप दादास रखमाजीचा सलाम. वि. वि.

पत्रात थोरल्याला तुम्ही म्हणायची रीत आहे. पण गाडीत पडल्या पडल्या तू म्हणालो, तेच पुढे चालवतो. जखम भरत आली आहे. सौदामिनी रोज पट्टी बदलायची आणि आत बोळा भरायची. मी ओरडलो की सांगायची, वरचं तोंड आधी मिटलं तर आत पुन्हा पू धरतो, तळापासून भरत आली पाहिजे. मुलीनं बापावर सगळा सूड उगवून घेतला.

एक गोष्ट कुणाला सांगता येत नाही, ती तुलाच सांगतो. शिवऱ्याला मी तुझं नाव घेतलं तेव्हा मला वाटलं, संपलं, मी मोकळा झालो. इतकं हलकं वाटलं की ताप उतरला असं समजलो. आणि दवाखान्यात एके दिवशी जागा झालो, तर जुना राग उशाशी बसलेला. जसाच्या तसा. तू नदीवर सगळं उरकून घेतलंस आणि मी वेशीवर उभा आहे, हे पुन्हा सगळं दिसलं. मला लाज वाटली. इतकी वर्षं लोकांना क्षमेचे धडे देतोय! मग पुन्हा तुझं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ईयोबानं एकदाच प्रार्थना केली आणि भागलं, असं लिहिलं आहे. तो थोर माणूस होता. मला रोज करावी लागते. काही दिवस तर दात खाऊन करतो.

भातकापणी झाली की मला गावी यायचं आहे. आईला अग्नी दिला ती जागा बघायची आहे. भाऊकी तुला त्रास देईल हे मी जाणतो. तू नको म्हणालास तर मी राग धरणार नाही. म्हणजे धरीन, पण सकाळपर्यंत सोडीन.

वहिनींस सलाम. सर्ज्याच्या खुराचं कळव.

तुझा धाकटा,
रखमाजी


भोर, ता. २२ नोव्हेंबर १९३६

चि. सौदामिनीस आईचे खूप आशीर्वाद. वि. वि.

काल रात्री गावाहून परतलो. तू वाट बघत असशील, म्हणून भाकरी टाकायच्या आधी लिहायला बसले.

भाऊजींचं उत्तर आलं होतं ते तुला ठाऊक आहेच, एका ओळीचं. ये, बघून घिऊ. वेशीवर गाडी थांबली तेव्हा ह्यांचा पाय उतरेना. भाऊकीतले म्हातारे पारावर बसलेले होते. त्यांतल्या गेनबांनी विचारलं, हा कोण पाव्हणा? भाऊजी म्हणाले, पाव्हणा न्हाई, आमचा रखमा हाय. गेनबा तोंड फिरवून बसले. पण कुणी उठलं नाही, कुणी आडवं आलं नाही. भाऊजींचे कान मात्र लाल झाले होते.

ठकुबाईंनी आमची पानं अंगणात मांडली, आत नाही. मला वाटलं, आता ह्यांचं बिनसणार. तेवढ्यात बाई स्वतःचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आत लई उकडतंय. नोव्हेंबरात! मग भाऊजीही आपलं ताट घेऊन आले. आमच्यापासून हातभर लांब बसले, पण बसले. नव्या तांदळाचा भात होता आणि वर ओतायला हुलग्याचं माडगं. ह्यांनी तीनदा मागून घेतलं.

मग चौघं कानंदी नदीवर गेलो. पाणी उतरलं आहे, वाळू उघडी पडली आहे. भाऊजींनी जागा दाखवली. तिथं खूण काहीच नाही, नुसते गोटे. ह्यांनी विचारलं, आई शेवटी माझं काही बोलली का?

भाऊजी पायानं वाळू उकरत राहिले. मग म्हणाले, शेवटच्या तापात तिला दिसत न्हवतं. रखमा, रखमा म्हणून सारखी हाक मारायची. निरोप धाडायला तर म्या भ्यालो व्हतो. मग म्याच ओ दिली. म्हटलं, व्हय आई, रखमाच हाय. तिनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. म्हणाली, केस किती राठ झाले रे तुझे, तुझी बायकू तेल लावत न्हाई का? म्हणाली, माझा तुझ्यावर राग न्हाई, सुखी ऱ्हा. मग तिनं इचारलं, कुंडलिक कुठं हाय? काय सांगू? म्हटलं, शेतावर गेलाय. म्हणाली, आला की पाठवून दे. तेवढंच. पुन्हा शुद्ध आली न्हाई.

तुझा आशिर्वाद माझ्यापाशी पडून ऱ्हायला रं, असं म्हणाले. आन माझा मला गावलाच न्हाई.

सौदा, तेलावरून सासूबाई मलाच बोलून गेल्या, हेदेखील त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही. भाऊजींनी पुढं होऊन ह्यांच्या डोक्यावरनं हात फिरवला. जोरात फिरवला, बैलाला खरारा करावा तसा. हे हमसून हमसून रडत होते. मग ह्यांनी काय केलं, भाऊजींचं पागोटं उतरवून माझ्या हातात दिलं, आणि त्यांच्या उघड्या डोक्यावर आपला हात ठेवला.

माझ्याशेजारी उभ्या ठकुबाईंनी जीभ चावली. म्हणाल्या, अवं भाऊजी, थोरल्याच्या डोक्यावर हात ठेवत्यात व्हय?

कुंडलिक भाऊजींनी डोळे मिटूनच त्यांना गप्प केलं. म्हणाले, तू मधी बोलू नगं. आई आलीय.

बाकी सर्व ठीक. बाबांचे तुला आशीर्वाद. आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझी आई,
चंद्राबाई