चार स्क्रूंचं काम

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा जुने संगणक चालते ठेवण्याचा, राहणार दुकानाच्या वरच, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मनाने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवत आहे. दडपण म्हणाल तर एकच आहे, धाकट्या बहिणीच्या गप्प बसण्याचं. पण ते कायद्याच्या हिशेबात धरत नाहीत, असं वकीलबाईंनी सांगितलं. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "काका, आता जुनीच रेटून भागणार नाही." माझी ख्याती त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसते.

ख्याती अशी की गल्लीत मला 'चालतंयकाका' म्हणतात. सुरू होईपर्यंत माणसाची अंघोळ उरकावी, असे संगणक माझ्याकडे यायचे. मालक म्हणायचा, आता भंगारातच टाकतो. मी त्यावरची जड सिस्टिम काढून लिनक्स नावाच्या सिस्टिमचं एखादं हलकं रूप टाकायचो. ते फुकट मिळतं, थोडक्या मेमरीत भागवतं आणि उगाच मिजास करत नाही. मग तोच संगणक धडपणे पत्रं लिहू लागायचा, बिलं छापू लागायचा, आणि मालक माझ्याकडे असा बघायचा की मला दोन दिवस भूक लागायची नाही. या कामावर माझं प्रेम होतं आणि अजून आहे. मला लाज वाटते ती त्या कामाची नाही, एवढं वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

माझी पत्नी हयात नाही, मूलबाळ नाही. धाकटी बहीण माझ्याजवळच वर राहते. पुढीलप्रमाणे व्यवस्था लावत आहे. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांचा लॅपटॉपही माझ्याच हातचा आहे, त्यामुळे नाही म्हणायची त्यांची सोय नाही.

कलम एक. दुकानातली हत्यारं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचा संच, सोल्डरिंगचं सामान, धूळ उडवायचा ब्लोअर आणि सुट्या रॅमचा डबा, समोरच्या घड्याळवालीने घ्यावीत. तिचं भिंगही माझ्याकडेच आहे. नेताना मी 'दोन दिवसांत देतो' म्हणालो होतो आणि ते दोन दिवस अजून सरलेले नाहीत. तिने कधी मागितलं नाही, नवीन विकत आणलं. ब्लोअरचा आवाज फार होतो, पण चालतो.

कलम दोन. गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात एका कारखान्याने टाकून दिलेले आठ संगणक आहेत. त्यांतले सहा मी उभे केले. दोन हट्टी निघाले. लिनक्स भरलेले माझे दोन्ही पेनड्राइव्ह तिथल्या ग्रंथपालबाईंना द्यावेत. लाल दोरा बांधलेला आहे तो बत्तीस बिटांच्या म्हाताऱ्या संगणकांसाठी, बिनदोऱ्याचा बाकीच्यांसाठी. त्यांना एक सूचना. कोणत्याही संगणकावर नवी सिस्टिम कायमची बसवण्याआधी ती नुसत्या पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. आवाज येतो का, वायफाय लागतं का, प्रिंटर ओळखला जातो का. आणि त्याही आधी मालकाला शेजारी बसवून विचारावं, की बाबा, यावर तू दिवसभर करतोस काय? ही सूचना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडपाठ म्हणून दाखवायचो. एकदाच पाळली नाही, आणि तीही घरात.

गल्लीतल्या बहुतेक संगणकांचा पासवर्ड मीच ठेवलेला आहे आणि सगळीकडे एकच आहे. हेही बरोबर केलं नाही. तो इथे लिहीत नाही, कारण मृत्युपत्र चारचौघांत वाचतात. ग्रंथपालबाईंना सांगून ठेवला आहे. त्या हसल्या, म्हणजे आधीच माहीत असावा.

कलम तीन. कोपऱ्यावर नव्या संगणकांचं शोरूम आहे. त्या शोरूमवाल्याने भर रस्त्यात, चार गिऱ्हाइकांदेखत मला विचारलं होतं, "काका, किती दिवस मढी चालवणार?" त्याला माझा स्वतःचा संगणक द्यावा. मेमरी एक जीबी, पंख्याला घरघर, आणि हा मजकूर त्याच्यावरच टाइप केलेला आहे. त्याने तो काचेमागे मांडावा. न मांडला तर भांडायला जाऊ नये, पुरे झालं ते. खरं तर याच भांडणापायी पुढचं कलम लिहायची वेळ माझ्यावर आली आहे.

कलम चार. खालचं दुकान, वरच्या दोन खोल्या आणि दवाखान्याचं बिल भागून बँकेत जे उरेल ते, ही माझी सगळी स्वकष्टार्जित मिळकत मी माझ्या धाकट्या बहिणीला मालकी हक्काने देत आहे. यात मोठेपणा काही नाही. मी तिचा गुन्हेगार आहे आणि मला दुसरं काही सुचलेलं नाही.

धाकटी भरतकाम करायची. हाताने नव्हे, संगणकाला जोडलेल्या मशीनवर. डिझाइन ती पडद्यावर स्वतः आखायची आणि मशीन ते कापडावर उतरवायचं. शाळांचे बिल्ले, हॉटेलांचे टॉवेल, लहान मुलांच्या पांघरुणांवरचे पक्षी. तिच्या पक्ष्यांची मान जराशी कलती असायची आणि लोक त्यासाठी लांबून यायचे. तिचा संगणक मंदावला तेव्हा ती सहज म्हणाली, "दादा, जरा हळू झालाय बघ." काही कर असंही म्हणाली नव्हती. पण नेमकं त्याच आठवड्यात शोरूमवाल्याने ते मढ्यांचं ऐकवलं होतं, आणि मला स्फुरण चढलं.

ती मैत्रिणीकडे गेली होती. मी तिच्या संगणकातली जुनी हार्ड डिस्क काढली, नवी छोटी बसवली, तिच्यावर हलकं लिनक्स टाकलं. तिच्या फाइली जपून आणल्या, त्यात कसूर नाही. ती परत आली तेव्हा बटण दाबून दाखवलं. तिच्या चपला काढून होईपर्यंत संगणक सुरू. ती म्हणाली, "अरे वा." मग म्हणाली, "आणि माझं डिझाइनचं कुठंय?"

तिचं डिझाइनचं सॉफ्टवेअर एका किल्लीवर चालायचं. पेनड्राइव्हसारखी बोटाएवढी किल्ली, संगणकाच्या मागे खोचलेली. ती असेल तरच ते उघडायचं. ते सॉफ्टवेअर लिनक्ससाठी लिहिलेलंच नव्हतं आणि ती किल्ली लिनक्सला काही केल्या ओळखू येईना. तिला शेजारी बसवून विचारलं असतं तर हे पाच मिनिटांत कळलं असतं. मी म्हणालो, "लावून देतो दोन दिवसांत."

मी खटपट केली. डिझाइनचं दुसरं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर तिला घालून दिलं. ते वाईट नाही. पण तिच्या फाइलींतून त्यात टाके तेवढे आले, तिने आखलेल्या रेषा आल्या नाहीत. पक्षी मोठा करायला जावं तर टाके विरळ पडायचे. सगळं मुळापासून आखायला हवं होतं. "शिकून घे की," मी म्हणालो, "तुला काय अवघड आहे?" ती शिकायला बसलीही. पण शाळा उघडायच्या तोंडावर गिऱ्हाईक कोणाचं शिकून व्हायची वाट बघत नाही. आधी बिल्ले गेले, मग टॉवेल गेले.

आणि जुनी डिस्क? ती माझ्या टेबलाच्या खणात होती. धडधाकट, तिच्या सॉफ्टवेअरसकट. चार स्क्रू काढायचे, ती बसवायची, चार स्क्रू परत लावायचे. संगणक पूर्वीसारखा हळू झाला असता आणि तिचा धंदा चालू राहिला असता. मी ते केलं नाही. माझ्या घरात सगळं लिनक्सवर चालतं, असं मी गल्लीभर सांगून बसलो होतो. शोरूमवाल्यापुढे तोंडघशी पडायची मला भीती वाटली. त्याला हे कोण जाऊन सांगणार होतं, ते आजही मला सांगता येत नाही. आज करू उद्या करू म्हणत पाच-सहा वर्षं गेली.

धाकटी आता एका गणवेशाच्या कारखान्यासाठी शर्टांना काजं करते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काजं. जेवताना तिचा अंगठा दुखतो, ते मला दिसतं आणि मी मीठ मागतो. लोक तिला म्हणतात, तुमच्या भावाने किती जणांचे पैसे वाचवले हो, आणि ती "हो ना" म्हणते. तिने एकदा तरी भांडावं अशी मी वाट पाहिली. ती भांडली असती तर मीही भांडलो असतो आणि माझी बाजू मला जरा बरी वाटली असती. सबब हे घर तिचं.

येणेप्रमाणे माझी व्यवस्था पूर्ण झाली. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

पुरवणी. ही हाताने लिहीत आहे.

वरचा मजकूर आज वकीलबाईंनी धाकटीच्या खोलीत मोठ्याने वाचला. मला आता जिना झेपत नाही, म्हणून सगळ्यांना वर बोलावलं होतं. साक्षीदार म्हणून शेजारचा बाइंडर आणि वकीलबाईंचा कारकून असे दोघे होते. वाचन चालू असताना धाकटी पाठमोरी बसून काजं करत होती. चौथं कलम सुरू झालं आणि तिचं मशीन थांबलं. मी भिंतीकडे बघत राहिलो. वाचून झाल्यावर मी सही केली, मग बाइंडरने केली. कारकून पेन उघडतोय तोवर धाकटी उठली, त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि त्याच्या जागेवर सही करून मोकळी झाली.

"ताई, हे काय केलंत?" वकीलबाई म्हणाल्या. "साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुमच्या नावचं कलम गेलं की."

"माहितीय मला. म्हणून तर केली."

मी म्हणालो, "अगं, घर आहे ते. वेड लागलंय का तुला?"

"घर मला तसंही मिळेल. तुला दुसरं आहे कोण?" तिने वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. कागदाने जे कोणाला जात नाही ते जवळच्या वारसाला जातं, असं त्यांनी मला समजावलं. "बहीण म्हणून मिळेल ते घेईन," धाकटी म्हणाली. "भरपाई म्हणून नको."

"मग तुला हवंय तरी काय?"

"ती डिस्क खणात आहे हे मला पहिल्या महिन्यापासून माहितीय, दादा. तुझा खण मीच झाडते. चार स्क्रू मला काढता येत नाहीत असं वाटलं तुला? तू करशील म्हणून थांबले. मग राग आला म्हणून थांबले. आणि आता मेल्यावर देतोस होय?"

बाइंडर खिडकीबाहेर बघू लागला. कारकून पेनचं टोपण शोधत राहिला, ते त्याच्या हातातच होतं. दुसरा कागद करू या का, असं वकीलबाईंनी हळूच विचारलं. मी नको म्हणालो.

बाइंडर खाली जाऊन डिस्क घेऊन आला. तिच्या संगणकाचे स्क्रू मीच काढले; किल्ली मागे अजून खोचलेलीच होती. एक स्क्रू टेबलाखाली घरंगळला, तो धाकटीने शोधून माझ्या तळहातावर ठेवला. बाकी कशाला तिने हात लावला नाही. संगणक सुरू व्हायला पूर्वीसारखाच वेळ लागला. मग तिचं डिझाइनचं उघडलं. त्यात एका शाळेचा बिल्ला होता, अर्धा आखलेला. त्या शाळेचे बिल्ले आता दुसरीकडे होतात.

"सगळं जसंच्या तसं आहे," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "गिऱ्हाइकं तेवढी नाहीत यात."

ती टोमणा मारत नव्हती. मारला असता तर मला बरं वाटलं असतं. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ती म्हणाली, "दवाखान्यातून नीट परत ये, मग बघू," आणि खुर्ची संगणकापुढे ओढून घेतली.

सबब कलम चार रद्द समजावं. माझ्या धाकट्या बहिणीला मी माझ्या पश्चात काहीही दिलेलं नाही. जे तिचंच होतं, ते तिला आज, माझ्या हयातीत, फार उशिरा परत केलं आहे. ही पुरवणी सर्वांना वाचून दाखवली आणि सह्या पुन्हा घेतल्या.

ठिकाण: धाकटीची खोली.

दिनांक: दवाखान्यात दाखल होण्याआधीचा रविवार.

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार पहिला: शेजारचा बाइंडर. (सही)

साक्षीदार दुसरा: करणाऱ्याची धाकटी बहीण. (सही) हिने स्वखुशीने सही केली आहे. या कागदाने हिला काही मिळत नाही.