पाणबुडीतला पाहुणा

दुबई, मार्च १९६६, शुक्रवार

नातीला सांगितलंय, मी बोलते तसंच लिही, तुझा शहाणपणा नको.

आज लेकाने बंदरावरचा जर्मन इंजिनिअर जेवायला आणला. मासळीचे काटे बघून बिचकला बिचारा. मी म्हटलं, "खा बाबा, काटा माणसाला खात नाही." मग लेकाने त्याचं बोलणं मला सांगितलं. लढाईत हा अटलांटिकमध्ये पाणबुडीवर होता. आगबोटी बुडवायचा. सोबती बहुतेक सगळे बुडून गेले.

माझा नवरा खलाशी, त्याच लढाईत, त्याच दर्यात आगबोटीसकट गेला. बोटीचं नाव मला पाठ आहे. लेकाला म्हटलं, "ती यानेच बुडवली का, विचारू?"

लेक हळूच म्हणाला, "अम्मा, तो जेवतोय."

ताटावरच्या पाहुण्याला जाब विचारायचा नाही, ही आमची रीत. मी भात वाढला. पुन्हा वाढला. तो नको म्हणाला तरी वाढला. उठला असता तर विचारावं लागलं असतं.