डस्टरच्या काळ्या पट्ट्या

४ सप्टेंबर २०१८, मंगळवार

रंग झाला! माझ्या जुन्या दोस्ताने, एमिलने, काल शेवटचा हात मारला, आज गॅरेजचं शटर वर केलं आणि बघतच राहिलो — पिवळी धमक! माझी डस्टर गाडी, १९७१ची, इतकी वर्षं गंजत पडलेली. शेजारचा मेल्विन कुंपणावरून ओरडला, "डेल, सूर्य कोंडून ठेवलास की काय आत?" मेल्याला कधी नव्हे ते बरं सुचलं.

आता फक्त पट्ट्या. दोन्ही बाजूंना बॉनेटपासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या, खऱ्या, त्या काळच्या, चिकटवायच्या काळ्या पट्ट्या. पुठ्ठ्याच्या नळीत, कागदी सीलसकट, गॅरेजच्या आढ्याला टांगून ठेवल्यात. ७३ साली शोरूमच्या पार्ट्स काउंटरवरून घेतल्या, तेव्हापासून सील तोडलेलं नाही. किती जणांनी विकत मागितल्या! एकजण तर खास ओहायोहून आला होता. मी म्हटलं, बाबा रे, सील आहे तोवरच त्या नळीला मान आहे, आणि तुटलं तर ते माझ्याच हातून, माझ्याच गाडीसाठी तुटेल.

टॉबी लहानपणी स्टीअरिंगमागे बसून विचारायचा, "बाबा, पट्ट्या कधी लावायच्या?" मी म्हणायचो, रंग झाला की. रंग झाला रे बाळा. तुला जाऊन एकतीस वर्षं झाली, आणि आज झाला.

५ सप्टेंबर

ठरलं. शनिवारी सकाळी मी आणि एमिल. साबणाचं पाणी फवारायचं, एकाने हे टोक धरायचं, दुसऱ्याने ते, आणि मधून रबराने पाणी काढत जायचं. एकदा चिकटली की चिकटली, दुसरी संधी नाही. सील मात्र मी तोडणार. एमिलला तसं बजावून सांगितलं. तो नुसता "हं" म्हणाला.

बायकोचं, व्हर्नाचं, वेगळंच. म्हणे, शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. "आधी डोळे, मग पट्ट्या. वाकड्या लावल्यास तर मलाच ऐकून घ्यावं लागेल." बरं बाई!

७ सप्टेंबर, शुक्रवार

काय लिहू! डोळ्यांत थेंब घालून आंधळ्यासारखा घरी आलो, व्हर्ना हाताला धरून गॅरेजपाशी घेऊन गेली, आणि बघतो तर — पट्ट्या लागलेल्या! एमिल हात पुसत उभा.

"हात थरथरतात तुझे, डेल. उगाच जोखीम कशाला? म्हटलं, उरकून टाकू."

उरकून टाकू? मी जन्मभर ज्याची वाट बघितली ते यानं उरकलं! नळी कुठाय विचारलं तर म्हणे, "फेकली." सील? "तिच्याबरोबरच गेलं." ऐकून कानशिलं तापली. दिसत धूसर होतं, म्हणून हात फिरवून बघितला. पट्ट्या सरळ होत्या, कुठे बुडबुडा नाही, सुरकुती नाही. कामाला नाव ठेवायला जागा नाही.

व्हर्नाने बटाट्याचं सारण भरून पिएरोगी केल्या होत्या. एमिलला दोनदा वाढल्या. मी तोंड उघडलं की टेबलाखालून पाय मारत होती.

८ सप्टेंबर

नळी फेकली म्हणे! डोक्यातून जात नाही.

१६ सप्टेंबर, रविवार

आज नदीकाठच्या पार्कात गाड्यांचं प्रदर्शन होतं. व्हर्ना आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. बरं झालं आली नाही.

परीक्षक माझ्या निम्म्या वयाचा. पांढरे हातमोजे, हातात टॉर्च. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून बघितलं. "रंग अप्रतिम. पट्ट्याही सुरेख लावल्यात. पण आजोबा, पट्ट्या नव्या बनावटीच्या आहेत."

मी हसलो! म्हटलं, पोरा, तुझ्या जन्माआधीपासून माझ्या आढ्याला होत्या त्या. तो चिडला नाही. मला पलीकडच्या रांगेतल्या एका गाडीपाशी घेऊन गेला. तिच्यावर जुनी, खरी पट्टी होती — शाळेच्या फळ्यासारखी निस्तेज काळी. माझ्या पट्टीवर टॉर्च मारला तर चकाकली. "तुमच्या गाडीपुढच्या पाटीवर तुम्ही 'मूळ पट्ट्या' लिहिलंय," तो हळूच म्हणाला. लोक जमलेले. मेल्विनसुद्धा. कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं.

मी एमिलकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. त्याला माहीत होतं!

"कुणाला विकल्यास?"

"विकल्या नाहीत."

"मग गेल्या कुठे? पंख फुटले?"

"डेल, घरी जा. जेवून घे."

हे उत्तर? पन्नास वर्षं एका होडीत बसून मासे धरले या माणसाबरोबर. टॉबीच्या खोलीच्या भिंतींवरचा चित्रांचा कागद आम्ही दोघांनी मिळून लावला होता. ज्याच्या खांद्यावर मान टाकली त्यानेच केसाने गळा कापला! सगळ्यांदेखत मी त्याला चोर म्हटलं. त्याने खिशातून माझ्या गॅरेजची किल्ली काढली, बॉनेटवर ठेवली आणि चालत निघून गेला.

१७ सप्टेंबर

व्हर्ना म्हणते, "एमिलला काही बोलू नकोस." मी म्हटलं, बोललो! सगळं बोललो! चोर तो, आणि पुळकाही त्याचाच!

१९ सप्टेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या बाईचा फोन आला. चष्मा तयार आहे. मग बोलता बोलता म्हणाली, "तुमची तारीख खरं तर एकवीसला होती. तुमच्या मिसेसनी फार विनवलं, म्हणून सातला घेतलं तुम्हाला."

म्हणजे मला मुद्दाम घराबाहेर काढलं. बायकोने!

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगू? मेल्विनला? एमिलने दिलेली किल्ली परत बॉनेटवर ठेवली आणि गाडीवर ताडपत्री टाकून आलो. बघवत नाही.

२० सप्टेंबर

विचारलं. सरळ विचारलं, तू आणि एमिलने मिळून माझ्या पट्ट्यांचं काय केलंत? कांदा चिरत होती. कांद्याने रडली की कशाने, मला पर्वा नाही. अख्खा संसार केला हिच्याबरोबर. गॅरेजातल्या कॅम्पच्या खाटेवर पडून लिहितोय. थंडी आहे. आत जाणार नाही.

आढ्याला नळीचा दोर तेवढा लोंबतोय.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

पट्ट्या टॉबीजवळ आहेत. शवपेटीत, त्याच्या हाताखाली.

सकाळी व्हर्ना कॉफी घेऊन गॅरेजात आली आणि खाटेच्या कडेवर बसून सांगितलं. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात त्याने तिला विचारलं होतं, "बाबांनी त्या माझ्यासाठीच ठेवल्यात ना?" ती हो म्हणाली. तो गेल्यावर तिने किटलीच्या वाफेवर सील सोडवलं, पट्ट्या काढल्या, नळीत त्याच्या खोलीचा उरलेला होड्यांच्या चित्रांचा कागद गुंडाळून भरला आणि सील परत चिकटवलं. "तू काही खात नव्हतास, डेल. वर नळीकडे बघून म्हणायचास, एवढं एक शाबूत आहे. मग मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?" रंग झाला त्या रात्री ती एमिलकडे जाऊन रडली. नव्या पट्ट्या आणण्यापासून बाकीचं सगळं त्याने केलं.

कॉफी गार झाली.

ताडपत्री काढली. किल्ली बॉनेटवरच होती. एमिलकडे द्यायला निघालोय.