श्वासाची जागा

वुपरटाल,
१४ मार्च १९८६

प्रिय एकार्ट,

तुझ्या वाढदिवसाच्या मैफलीचं निमंत्रण मिळालं. साठीच्या शुभेच्छा मात्र आज लिहीत नाही. पेन उचललं तशी हानेलोरे ओरडलीच, "वाढदिवस उजाडायच्या आधी शुभेच्छा? अपशकुन करतोस? त्याचं वाईट व्हावं असं वाटतंय की काय तुला?" बायकोला नवऱ्याचं मन बरोबर कळतं.

आमचं बरं चाललंय. चष्म्याचं दुकान आता लेक बघते. हानेलोरे अजून तुझी कात्रणं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवते. पॅरिस, न्यूयॉर्क, सिनेमांचं संगीत, ते पदक. दाखवताना तिचा चेहरा असा खुलतो की डब्यासकट सगळं नदीत फेकून द्यावंसं वाटतं.

निमंत्रणात लिहिलंयस, 'गिझ्बर्टसाठी पहिल्या रांगेत खुर्ची.' खुर्ची! तळघरातल्या आपल्या क्लबात मी क्लॅरिनेट घेऊन तुझ्या पियानोच्या उजव्या हाताला उभा असायचो, एकार्ट. आता तिथे ती वीबके उभी राहते. पोरगी क्लॅरिनेट छान वाजवते. दात-ओठ खात लिहितोय, पण वाजवते.

रविवारी रेडिओवर तुमची 'पुलाखालची संध्याकाळ' ऐकली. मधली ती शांतता यायला हवी होती. जिच्यावर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली, जिच्यामुळे तुला 'शांततेचा बादशहा' म्हणतात, ती. वीबके तिथून न थांबता वाजवत पुढे निघून गेली. तरणी फुप्फुसं! हानेलोरे म्हणाली, "काय सफाई आहे!" मी रेडिओ बंद केला.

ती शांतता कुठून आली, हे तिला सांगितलंयस का? तालमीत मला सुरांच्या त्या लांब ओळीला दम पुरायचा नाही. तू चकार शब्द काढला नाहीस. नुसते हात उचललेस, माझा श्वास भरेपर्यंत थांबलास आणि नंतर रचनाही तशीच लिहिलीस.

तुझ्या डोक्यात हवा गेली म्हणून मी बाजूला झालो, असं मी गावभर सांगत आलो. खरं म्हणजे हवा माझी संपत होती. डॉक्टरांनी क्लॅरिनेट कायमची बंद करायला लावली. हे तुला आज पहिल्यांदा कळतंय.

पॅरिस तुझं, पदक तुझं, हानेलोरेचा डबासुद्धा तुझाच. त्यावर जळून जळून मी आता थकलो. पण ती श्वासाची जागा माझी आहे. ती त्या पोरीला देऊ नकोस.

मी येईन. मुकाट्यानं खुर्चीत बसेन. ती ओळ आली की तू हात उचल, वीबकेलाही थांबव. मी श्वास घेईन. हल्ली सायकलच्या जुन्या पंपासारखा आवाज येतो, तुला मंचावर ऐकू येईल. शुभेच्छा त्यानंतर, तोंडानं.

माझा श्वास भरेपर्यंत पुढचा सूर दाबू नकोस.

अजूनही तुझ्या उजव्या हाताचा,
गिझ्बर्ट