खंडेनवमीचं कुंकू अन् वरच्या मजल्यावरचा बोर्ड

आबा, दोन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाय. पोरीपायी नाय, तिचा ताप कालच उतरला. तुम्ही शिकवलेल्या पूजेपायी दुसऱ्या बाईचं काम गेलंय, म्हणून झोप नाय. आता सकाळचे साडेआठ वाजलेत. विद्यापीठात, वरच्या मजल्यावरच्या सेमिनारच्या खोलीत बसून लिहू राहिले. दहाला आम्हा कंत्राटावरच्या बायांचे सुपरवायझर सर येतील, तोवर इथं कुणी येत नाय. सातवीत होते तवा तुम्ही गेलात अन् माझी शाळा सुटली, म्हणून अक्षराला नावं ठेवू नका.

तुम्ही इथं शिपाई होता, पण तुम्हाला आताचं काय ठाऊक. तुमच्या टायमाला सगळ्या डिपार्टमेंटात मिळून एक मशीन, लोखंडी, स्लाईडचं. आता खोलीखोलीत छताला प्रोजेक्टर, भिंतीएवढा बोटानं चालणारा बोर्ड, अन् टेबलाच्या पोटात वायरींचा नुसता गुंता. माझं काम झाडायचं, पुसायचं, खोली उघडायची. बोर्ड चालू करून द्यायचं काम कुणी मला दिलं नाय, ते आपोआप माझ्या गळ्यात पडलं. एवढाली शिकलेली माणसं वायर हातात धरून माझ्याकडं बघत्यात. मावशी, दिसत नाय हो काही. मी सव्वीस वर्षांची, ते पन्नाशीचे, अन् मावशी मी. जाऊन बघावं तर बटनच दाबलेलं नसतं. रिमोटचे सेल कुणी घड्याळात घातलेले असत्यात. एक सर तर माईक बंद ठेवून तासभर बोलत्यात. मागची पोरं झोपली की त्यांना वाटतं, विषय लई खोल हाय.

मी सात वर्षांची होते. तुमचा डबा घेऊन बेगमपुऱ्यातून चालत आले होते. खोलीत अंधार, तुम्ही मशीनपाशी उभे, एकेक स्लाईड उलटी करून घालताय, म्हणजे भिंतीवर सुलटी दिसती. मी उजेडात हात धरला अन् भिंतीवर पाखरू केलं. सगळी पोरं हसली, सरबी हसले. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या हातावर चापट मारली. म्हणालात, "मशीन आपलं नाय, पण त्याला काही झालं तर नाव आपलं येतं." मी रस्ताभर रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही एक टाकून दिलेली स्लाईड आणून दिली, कोपरा फुटलेली. खिडकीत धरली की त्यात एक देऊळ दिसायचं. ती अजून माझ्या पत्र्याच्या डब्यात जपून हाय. पोरगी आता ती डोळ्याला लावून बसती.

अन् दर खंडेनवमीला तुम्ही त्या मशीनला हळदकुंकू लावायचात, झेंडूची माळ घालायचात. म्हणायचात, हत्याराची पूजा चुकवायची नाय. लोखंडाला काय होतंय कुंकवानं. मी परवा तेच केलं, आबा. बोर्ड पुसला, चौकटीला चारी बाजूंनी कुंकू लावलं, वरून माळ सोडली, हात जोडले. मला काय माहीत, त्या चौकटीच्या आतून न दिसणारा उजेड जातो, अन् त्याच्या आड काहीबी आलं की बोर्डाला वाटतं कुणी बोट लावलं. तेवढ्यात अंगणवाडीतून फोन आला, पोरगी तापलीय. मी पळाले. तळमजला झाडणारी आपा म्हणाली, जा, तुझा मजला मी बघते.

चारला एक मॅडम आल्या आजच्या सेमिनारची तयारी बघायला. बोर्ड चालू केला तर पानं आपली आपण उलटायला लागली, मधीच रेघोट्या ओढायला लागली. माळ-कुंकू सणाचं म्हणून त्यांनी तिकडं ध्यान दिलं नाय, सुपरवायझर सरांना बोलावलं. सर आले तवा आपानं माळ काढलेली होती अन् ती चौकट पुसत होती. झालं. संध्याकाळी मला सरांचा फोन. "तळमजल्याची बाई उद्यापासून नाय. ओल्या फडक्यानं बोर्ड बिघडवला तिनं. दोन्ही मजले तू बघ."

काल दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन आपाकडं गेले. आमच्या मागच्याच गल्लीत राहती ती. दोरीवर तिची पांढरी ओढणी वाळत होती, लाल डाग तसाच. ओलं फडकं कुठलं, ओढणीनंच पुसलं होतं तिनं. मी म्हणलं, आपा, तुम्ही सांगितलं कामून नाय, कुंकू माझं म्हणून? ती खालच्या आवाजात म्हणाली, "तेरा नाम लेती तो तेरेकू निकालते. मेरा बेटा कमाताय, तेरी गोद में बच्ची हय. नक्को बोल किसीकू." तिचा पोरगा सहा महिने घरी बसून हाय, सगळ्या गल्लीला माहितीय. मग मला शीरखुर्मा दिला. सणाचा दिवस हय, खाके जा म्हणाली. मी खाल्लाबी.

आज सात वाजताच आले. पोरीचा केसांचा मऊ ब्रश आणला होता. चौकटीच्या फटीतून तो फिरवला. कुंकवाचा चिकट थर निघाला, अन् खालच्या कोपऱ्यातून झेंडूची एक पाकळी. बोर्ड चालू केला. गप. एक रेघ नाय, पान हलत नाय. आता कुणाला कधीच कळायचं नाय काय झालं होतं. बोर्ड चांगला, माझं काम चांगलं, अन् आपा घरी. बोर्ड बिघडलेलाच राहिला असता तर बरं झालं असतं, मला बोलावंच लागलं असतं. तुमचा लई राग येतो, आबा. हात लावू नको म्हणून मारलंत अन् पूजा कर म्हणून शिकवलंत. दोन्ही खरं कसं धरायचं?

पाकळी मी या कागदात गुंडाळून ठेवलीय. दहाला सर आले की त्यांच्या हातात द्यायची अन् सांगायचं. माझं काम गेलं तर पुढं काय, ते माहीत नाय. पोरीचा बाप पुण्याला, महिन्यातून एकदा येतो.

अन् एक सांगायचं राहिलं, आबा. दोन्ही मजले तू बघ असं सर म्हणाले ना, तवा मी "व्हय, सर" म्हणाले. इचारबी केला नाय. आधी व्हय म्हणाले अन् मग आपा आठवली.

हा कागद तुम्हाला पोचायचा नाय. टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवू राहिले. ज्याला सापडंल त्यानं एवढं करा. तळमजल्यावर जाऊन बघा. तिथं आपा दिसली नाय अन् ही पाकळी अजून कागदातच असली, तर समजा मी बोलले नाय. मग बिडकीन गावाला माझ्या भावाला फोन करा, नंबर या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून मार्करनं लिहिलाय. त्याच्यापुढं मला खोटं बोलता येत नाय. त्याला म्हणा, बहिणीला एवढंच इचार, सरांना सांगितलं का.