ऊन की भट्टी?

४ मार्च

शेवट कुठाय म्हणे! हर्तोनो सरांनी प्रबंध पुन्हा परत केला. "सुरुवात आहे, मधलं तर रग्गड आहे. कारखान्यात निर्णय कसा होत जातो यावर तुझा अभ्यास, आणि निर्णयच नाही?" आता तो काय मी घेऊ? — हे मनात. तोंडाने "हो सर."

शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते. तोवर ही केस पुरी झाली नाही तर गाशा गुंडाळून गावी, आईच्या दुकानात.

११ मार्च

सिदोआर्जोला कारखान्यात. तोच घोळ — कोळंबीचे पापड उन्हातच वाळवायचे की भट्टी घ्यायची? मालक पाक सुदिब्यो, म्हणजे सुदिब्योराव, यांना ऊन हवं, त्यांच्या धाकट्या बहिणीला, बू नींगना म्हणजे नींगबाईंना, भट्टी. दोन वर्षं मी प्रत्येक बैठकीला कोपऱ्यात बसते. "नींगला पटेल तसं." "दादा म्हणतील तसं." मग चहा, तळलेली केळी आणि माझी चौकशी. "पोरी, किती वाळलीस गं! भट्टी तुलाच नको." सगळे हसतात. मीही. विषय पुढच्या बैठकीला.

या प्रकाराला मी 'धोरणात्मक संयम' असं भारदस्त नाव देऊन अख्खं प्रकरण लिहिलंय.

१२ मार्च

पावसाने अंगणभर पापडांचा लगदा. आता तरी कुणी ओरडेल! छे. चहा.

२ एप्रिल

सरळ विचारावं का, कधी ठरवताय? जीभ रेटत नाही. ज्यांच्या घरचं इतकं खाल्लं त्यांना असं विचारायचं? पण घुसमट होतेय. रात्री उन्हाचीच स्वप्नं पडतात.

१९ एप्रिल

वीट आला.

७ मे

विचारलं! बू नींगबरोबर पापड उलटताना एकदम तोंडातून निघून गेलं. त्या थबकल्या.

"अगं, ठरवायचं म्हणजे आधी भांडायला हवं. चांगलं कडाक्याचं! बापाच्या वेळचं सगळं निघणार. ते पाहुणीसमोर कसं करायचं? दादा म्हणाले, पोरीचा अभ्यास होऊ दे, मग बसू."

"म्हणजे... तुम्ही माझ्यासाठी थांबलात?"

"मग! आम्ही म्हणतोय, किती बाई हिचा अभ्यास! पण 'कधी जातेस' असं विचारायचं कसं? वाईट दिसतं."

हसू की रडू! मी त्यांची वाट बघतेय, ते माझी. कसला संयम नि कसलं धोरण — माझ्या वह्यांमध्ये आहे तो नुसता पाहुणचार! राहिले तर निर्णय होणार नाही. गेले तर तो कसा झाला ते दिसणार नाही. आणि तेच तर लिहायचंय मला.

८ मे

निरोप घेतला. दोघं फाटकापर्यंत आली. पापडांची पिशवी दिली, डोळे पुसले. "झाला ना अभ्यास नीट?" "हो."

मी हेल्मेट चढवतेय तोवर आत काहीतरी खळ्ळकन फुटलं. आणि ज्यांचा आवाज कधी चढलेला ऐकला नाही ते पाक सुदिब्यो ओरडले, "बाप अंथरुणाला खिळला होता तेव्हा कुठे होतीस तू?"

वही पिशवीत, हाताशी होती. मी स्कूटर सुरू केली, आणि पुढचं ऐकू येऊ नये म्हणून उगाच जोरात रेस केली.