दोन विल्फ्रेड आणि एक नॉर्मन

रिपन, मंगळवार

तीर्थरूप एडिथताईस,

धाकट्या विल्फ्रेडचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. तुझं कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? विटबीच्या समुद्रवाऱ्याने तुझा खोकला वाढतो की बरा होतो, हे तू दर पत्रात वेगळं कळवतेस, म्हणून काळजी आणि आनंद दोन्ही इथेच व्यक्त करून टाकतो. तुझी भावजय डोरीन खुशाल आहे. (म्हणजे मी हे लिहीत असताना आतून माझ्यावर ओरडते आहे.)

तर आपल्या टॅम्सिनला मुलगा झाला. मी पणजोबा झालो! पोर गुटगुटीत, डोक्यावर एक केस नाही, कपाळाला कायम आठी. कोणीही म्हणेल पणजोबावर गेलंय. आणि नाव काय ठेवायचं ठरलं माहीत आहे? विल्फ्रेड! टॅम्सिनच्या आईने, म्हणजे माझ्या लेकीने, फोनवर सांगितलं तेव्हा मी तिला ते तीनदा पुन्हा म्हणायला लावलं. तुला माहीत आहे या नावाने मी काय काय सोसलंय. आजोबांच्या काळी गल्लीत दगड भिरकावला तर कुठल्या तरी विल्फ्रेडला लागायचा, पण माझ्यापर्यंत येता येता नावाची हवा पार गेली. अख्ख्या शाळेत मी एकटा विल्फ्रेड, आणि पोरं मला सरळ 'आजोबा' म्हणायची. नळजोडणीच्या कामाला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी विल्यमचं लघुरूप 'बिल' सांगून मोकळा झालो, तो आजतागायत बिलच. आणि आता तेच नाव टोपडं घालून परत आलं!

आनंदाच्या भरात मी पाद्रीबाबांना गाठून नावाची कुळकथा विचारली. (त्यांना कोणी काही विचारत नाही, त्यामुळे जेवणाची वेळ टळून गेली.) नाव इथल्या जुन्या सॅक्सन लोकांचं. 'विल' म्हणजे इच्छा, 'फ्रिथ' म्हणजे शांतता. म्हणजे शांततेची आस असलेला माणूस. आपल्या इथले ते संत विल्फ्रिड मात्र आयुष्यभर राजांशी आणि बिशपांशी भांडले, हद्दपार झाले, तुरुंगातही बसले. पुढे समुद्रापलीकडून नॉर्मन लोक आले, त्यांनी आपले विल्यम आणि रॉबर्ट आणले, आणि आमची नावं शेकडो वर्षं अडगळीत गेली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात कोणाला तरी त्यांची आठवण झाली, म्हणून आजोबांच्या वाट्याला आली. आता पुन्हा लाट आली आहे. किती, ते मला चर्चच्या हॉलमध्ये कळलं. टॅम्सिनबरोबर बाळाला घेऊन मी तिथल्या बालमेळ्याला गेलो होतो. मागून एक बाई कडाडली, "विल्फ्रेड, तोंडातलं काढ आधी!" मी तत्काळ बिस्किट बाहेर काढलं. ती वाळू खाणाऱ्या आपल्या मुलाला म्हणत होती. तिथे आणखी दोन विल्फ्रेड निघाले, आणि दारात बांधलेला एक चपट्या नाकाचा कुत्रा.

टॅम्सिन म्हणाली, "बिल आजोबा, तुम्ही बिस्किट का काढलंत?"

"माझं नाव घेतलं ना!"

"तुमचं?" ती खुर्चीत बसलीच. "तुमचं नाव विल्फ्रेड आहे? बाई गं, आता मेलेच मी!"

ताई, तिला माहीतच नव्हतं! तिच्या आईला माहीत होतं, पण मला बरं वाटेल म्हणून ती मुद्दाम गप्प राहिली. झालं होतं असं की टॅम्सिनच्या सासऱ्यांना नातवाला स्वतःचं नाव हवं होतं. ते मेंढपाळ, मानेने बैलासारखे, आणि नाव नॉर्मन इबट्सन. (पुन्हा नॉर्मनच!) घरात आदळआपट झाली, तेव्हा टॅम्सिनने जाहीर केलं, की दोन्हीकडच्या कोणाचंच नाव नको, आणि कोणाचं नसलेलं म्हणून हे शांततेचं नाव शोधून काढलं. इकडे मी आठवडाभर दारूच्या गुत्त्यात छाती काढून सांगत होतो, की पोराला माझं नाव ठेवताहेत.

बातमी नॉर्मनच्या कानावर गेलीच. रविवारी टॅम्सिनकडे सगळे जेवायला बसलो, भाजलेल्या मांसाची थाळी समोर असताना ते उठून उभे राहिले. "हे आधीपासून ठरवून केलंत! मी बाप्तिस्म्याला येणार नाही, आणि पोराचं तोंडही बघणार नाही." टॅम्सिन रडायला लागली, तिचा नवरा बटाट्यांकडे बघत बसला, बाळाने सूर लावला. टॅम्सिन हुंदके देत म्हणाली, "मग राहू दे हे नाव. दुसरं ठेवू."

आणि मला ते सोसेना. शाळेतल्या माझ्यासारखं हे नाव पुन्हा एकटं पडणार! मी म्हणालो, "नॉर्मन, बसा हो. माझं नाव विल्यम. चार जणांनी बिअर पाजावी म्हणून गुत्त्यात थाप मारली."

माझी लेक मान खाली घालून वाटाणे मोजायला लागली. नॉर्मन मला निरखत राहिले, मग खाली बसले. "मला वाटलंच होतं. विल्फ्रेड म्हणजे कसं भारदस्त नाव. तुम्हाला कुठून असणार!"

डोरीनने टेबलाखालून माझा पाय दाबला. घरी येताना म्हणाली, "लग्नात पाद्रीसमोर जे नाव घेतलंत, ते आज दुसऱ्याला देऊन आलात. वेडे आहात." आणि अख्खा रस्ता माझा हात धरून चालली.

मला याचं काही वाटत नाही. नाव काय, हाक मारण्यापुरतं. पोराला सगळ्यांची मांडी मिळाली, भरून पावलो.

तुझा धाकटा,
विल्यम (सवय करतोय)

ता. क. : बाप्तिस्मा येत्या रविवारी आहे आणि तू येणारच. एवढंच मागणं आहे, की चर्चमध्ये मला चुकूनही खऱ्या नावाने हाक मारू नकोस. तुला स्वतःला ऐकू येत नाही म्हणून तू जगाला ऐकू जाईल असं बोलतेस, आणि नॉर्मन पुढच्याच बाकावर असतील.

ता. क. २ : काही वाटत नाही असं वर लिहिलंय, ते डोरीन खांद्यावरून वाचत होती तेव्हाचं.

ता. क. ३ : बसस्टँडवर तुला घ्यायला मी एकटाच येईन. उतरल्या उतरल्या एकदा हाक मार. पूर्ण नावाने, आणि तुझ्या नेहमीच्या आवाजात.